संयुक्त पानांची झुडपे पर्णिकांवरून कशी ओळखावीत? ठाणे आणि नवी मुंबईतील निरीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊरच्या पायवाटेवर, पारसिकच्या उतारावर किंवा खारघरच्या टेकड्यांवर हिंडताना समोर एखादे झुडूप उभे असते, त्याला फूल नसते, फळही नसते, आणि ओळखायला हाती असतात ती केवळ पाने. बहुतेक झुडपे वर्षातील थोडेच आठवडे फुलतात आणि उरलेला सारा काळ आपल्याला पानांच्याच रूपात भेटतात. त्यामुळे ज्याला पान वाचता येते, त्याला झुडूप जवळजवळ वर्षभर ओळखता येते. ज्यांचे एकच पान अनेक लहान पानांचे बनलेले दिसते, अशा झुडपांविषयी निसर्गफेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

पर्णिका म्हणजे काय, आणि ती स्वतंत्र पान नाही हे कसे ठरवायचे?

संयुक्त पानाचे पाते अखंड नसून अनेक सुट्या भागांत विभागलेले असते. यातील प्रत्येक भागाला पर्णिका म्हणतात आणि पर्णिका ज्या मधल्या दांडीवर बसतात तिला पर्णाक्ष म्हणतात. पर्णिका दिसायला हुबेहूब पानासारखी असल्याने नवख्या निरीक्षकाची पहिली चूक येथेच होते. तो पर्णिकेलाच पान समजतो आणि पुढचे सगळे वर्णन चुकते.

निर्णय करण्याची खात्रीची खूण म्हणजे माळी ज्याला ‘डोळा’ म्हणतात ती कळी. खऱ्या पानाचा देठ फांदीला जेथे मिळतो त्या बेचक्यात डोळा असतो. त्यातूनच पुढे नवी फांदी किंवा फुलोरा येतो. पर्णिका आणि पर्णाक्ष यांच्या बेचक्यात मात्र डोळा कधीच नसतो. म्हणून संशय आला की लहान ‘पानाच्या’ तळाशी पाहावे. तेथे डोळा नसेल, तर दांडीवरून मागे मागे फांदीकडे जावे आणि जेथे पहिला डोळा भेटेल तेथून पान सुरू होते असे मानावे. पर्णिका मोजण्याचे काम त्यानंतरचे आहे. माझ्या मते या क्रमाला पर्याय नाही.

डोळा इतका लहान असतो की दिसतच नाही. मग काय करावे?

दहा पट मोठे दाखवणारे खिशातले भिंग असेल तर बहुतेक डोळे दिसतात. तरीही अडले तर इतर खुणा पाहाव्यात. फांदीच्या शेंड्याला कोवळी, उमलू पाहणारी वाढ असते. पर्णाक्षाच्या शेंड्याला ती नसते, तो एका पर्णिकेवर, पर्णिकांच्या जोडीवर किंवा बारीक टोकावर संपतो. पर्णिका साधारणपणे एकाच पातळीत पसरलेल्या असतात, तर फांदीवरची पाने बहुधा चहूबाजूंनी निघतात. अनेक वनस्पतींत देठाच्या तळाशी उपपर्णे नावाची लहान पात्यांची जोडी असते आणि ती संपूर्ण पानाच्या तळाशी असते, प्रत्येक पर्णिकेच्या तळाशी नसते. गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या पाच किंवा सात दातेरी पर्णिकांच्या पानाला तळाशी दोन्ही बाजूंनी देठालाच चिकटलेली उपपर्णे असतात. पान कोठे सुरू होते हे गुलाबावर एकदा नीट पाहून ठेवले की रानातले झुडूप वाचणे पुष्कळ सोपे जाते.

कुडा आणि आवळा यांची पाने संयुक्त आहेत का?

नाहीत, पण या दोघांनी अनेकांना चकवले आहे. पूर्वी बराच काळ मीही कुड्याच्या कोवळ्या फांदीला संयुक्त पान समजत असे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

कुड्याची पाने साधी असून समोरासमोर जोडीने येतात. आडव्या फांदीवर ती दोन रांगांत, एकाच पातळीत मांडल्यासारखी बसतात, त्यामुळे लांबून पाहिले तर सबंध फांदी हे एकच मोठे संयुक्त पान वाटते. जवळ जाऊन कोणत्याही जोडीच्या बेचक्यात डोकावले की डोळे दिसतात आणि शेंड्याला नवी पालवी दिसते. पान तुटल्यावर पांढरा चीक येतो ही आणखी एक उपयुक्त खूण आहे, कारण या लेखात वर्णिलेल्या संयुक्त पानांच्या एकाही वनस्पतीला पांढरा चीक नाही.

आवळ्याचा चकवा अधिक खोल आहे. त्याच्या बारीक डहाळीवर शेकडो चिमुकली पाने दोन रांगांत बसलेली असतात आणि ती डहाळी चिंचेच्या किंवा बाभळीच्या पानासारखी दिसते. संयुक्त पान बहुधा देठासकट गळते, असा एक ठोकताळा सांगितला जातो. आवळ्याच्या बाबतीत तोही फसतो, कारण ही बारीक डहाळीच पानासारखी सबंध गळून पडते. परंतु आवळा फुलतो तेव्हा त्याची बारीक, हिरवट पिवळी फुले या डहाळीवर चिमुकल्या पानांच्या बेचक्यात येतात. पर्णिकेच्या बेचक्यात फूल येऊ शकत नाही, म्हणून ही पानेच आहेत आणि ती दांडी फांदीच आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात आपोआप उगवणारी भुईआवळी त्याच गोत्रातील असल्याने हीच रचना दाखवते. तिची डहाळी उलटी केली की खालच्या बाजूला ओळीने लटकलेली लहान गोल फळे दिसतात. मुलांना डोळ्याचे तत्त्व समजावण्यासाठी याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

एकाच पर्णिकेचे संयुक्त पान असू शकते का?

असू शकते, आणि ते आपल्या स्वयंपाकघराजवळच सापडते. लिंबाच्या पानाचा देठ आणि पाते यांच्यामध्ये एक स्पष्ट सांधा असतो. वाकवले की पान बरोबर त्या सांध्यावर तुटते. पपनसासारख्या झाडांत देठाला दोन्ही बाजूंनी पंख फुटल्यासारखे रुंद पाते असते आणि हा सांधा आणखी ठळक दिसतो. वनस्पतिशास्त्र या पानाला एकपर्णिकी संयुक्त पान मानते, कारण लिंबाच्या कुळात संयुक्त पाने सर्रास आढळतात आणि लिंबात त्यांतील एकच पर्णिका उरली आहे.

जुईमध्ये ही घट अर्ध्यावर थांबलेली दिसते. तिच्या पुष्कळशा पानांत मुख्य पात्याच्या तळाशी कानासारख्या दोन अगदी लहान पर्णिका असतात, तर काही पानांत त्याही नसतात. जाईचे पान मात्र पूर्ण संयुक्त असते. त्यामुळे फुले नसतानाही जाई आणि जुई पानांवरून सहज वेगळ्या करता येतात.

एरंड आणि पपई यांच्या पानांना बोटे असतात. ती संयुक्त म्हणावीत का?

नाही. त्यांचे पाते खोलवर कापलेले असले तरी सगळे भाग मध्याशी एकमेकांना जोडलेले राहतात. पर्णिका म्हणवून घेण्यासाठी प्रत्येक भाग पूर्ण सुटा असावा लागतो. दसऱ्याच्या आपट्याचे पानही असेच दोन भागांत दुभंगलेले, पण अखंड असते.

पर्णिकांची मांडणी किती प्रकारची असते?

मुख्य प्रकार दोन आहेत. पर्णिका लांब पर्णाक्षाच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या बसल्या असतील तर पान पिच्छाकृती, आणि सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून बोटांसारख्या निघाल्या असतील तर हस्ताकृती. पिच्छाकृती पानात शेंड्याला एकटी पर्णिका असेल तर ते विषमपिच्छाकृती आणि जोडीवरच संपत असेल तर समपिच्छाकृती होय. हा भेद किरकोळ वाटला तरी फार उपयोगी आहे. टाकळा, तरवड, बहावा आणि शेवरी समपिच्छाकृती आहेत. करंज, ग्लिरिसिडिया, शरपुंखा आणि कढीपत्ता विषमपिच्छाकृती आहेत. खारघरच्या उतारावर वनीकरणातली उंदीरमारी, म्हणजेच ग्लिरिसिडिया, छाटणीनंतर झुडपासारखी फुटलेली असते आणि तिला बहाव्याचे रोप समजले जाते, तेव्हा शेंड्याकडे टाकलेली एक नजर पुरते. अर्थात शेंड्याची पर्णिका किड्याने खाल्लेली किंवा गळलेली असू शकते, म्हणून हे एकाच पानावरून ठरवू नये.

पर्णाक्षालाच पुन्हा दोन्ही बाजूंना लहान दांड्या, म्हणजे उपाक्ष, फुटून त्यांवर पर्णिका असतील तर पान द्विपिच्छाकृती होते. शेवग्याचे पान त्याहूनही एक पायरी पुढे, म्हणजे त्रिपिच्छाकृती असते. येऊरच्या दाट सावलीत वाढणाऱ्या करकणीचे पान दोनदा किंवा तीनदा विभागलेले असते. तिच्या मोठ्या, दातेरी पर्णिका आणि फुगीर पेरी यांमुळे ती शेवगा किंवा बाभूळवर्गीय झाडांहून पूर्ण वेगळी दिसते.

पर्णिकांची संख्या कितपत विश्वासार्ह असते?

संख्या ही मर्यादा म्हणून वापरावी, शिक्का म्हणून नव्हे. निर्गुडीच्या एकाच झुडपावर तीन पर्णिकांची आणि पाच पर्णिकांची पाने शेजारी शेजारी असतात. ठाणे खाडीच्या कडेने खारफुटीवर चढणाऱ्या करंजवेलीच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘तीन पर्णिकांची’ असा होतो, तरीही तिच्या पानांत पाच पर्णिकाही आढळतात. बेलाला पाच पर्णिकांचे पान क्वचित सापडते आणि पूजेसाठी ते जपून ठेवले जाते, हे आपल्याला ठाऊक आहेच. रोपाची पहिली पाने, छाटणीनंतरचे जोमदार फुटवे आणि फुलोऱ्याजवळची पाने यांत संख्या हमखास बदलते. म्हणून झुडपाच्या मधल्या भागातील किमान पाच पूर्ण वाढलेली पाने पाहावीत आणि वहीत एक आकडा न लिहिता ‘पाच ते नऊ’ अशी व्याप्ती लिहावी.

संख्येहून अधिक स्थिर अशा काही खुणा आहेत. पर्णिकेची कड सरळ आहे की दातेरी, तळ दोन्ही बाजूंनी सारखा आहे की तिरपा, पर्णिका समोरासमोर आहेत की आलटूनपालटून, खालची बाजू गुळगुळीत आहे की लवदार, आणि चुरगळल्यावर वास कसा येतो, हे सारे नोंदवावे. निर्गुडीच्या बाबतीत हस्ताकृती मांडणी, खालची पांढुरकी बाजू, मधल्या पर्णिकेचा लांब देठ, चौकोनी कोवळी फांदी, समोरासमोर येणारी पाने आणि उग्र वास या सहा गोष्टी एकत्र आल्या की संख्या मोजलीच पाहिजे असे राहत नाही. सावरीचे रोपही हस्ताकृती पानांचे असते, पण त्याची पाने फांदीवर एकाआड एक येतात आणि खोडाला काटे असतात.

तीन पर्णिकांच्या इतक्या वनस्पती आहेत. त्या एकमेकींपासून कशा वेगळ्या करायच्या?

सर्वप्रथम मधल्या पर्णिकेचा देठ पाहावा. तो बाजूच्या दोन पर्णिकांच्या देठांपेक्षा स्पष्टपणे लांब असेल तर एक गट, आणि तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या असतील तर दुसरा गट. बेल आणि वायवर्ण यांची कमरेएवढी रोपे येथेच वेगळी होतात. बेलाची मधली पर्णिका लांब देठावर पुढे गेलेली असते, फांदीला काटे असतात आणि पान उजेडासमोर धरले तर तैलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. वायवर्णाच्या तिन्ही पर्णिका लांब देठाच्या टोकावर एकत्र बसलेल्या असतात. त्याला काटे नाहीत आणि ते ठिपकेही नाहीत. महाशिवरात्रीच्या सुमारास वायवर्णाची पाने बेल म्हणून घरी आणली गेल्याचे मी पाहिले आहे.

तिपाणी हे आपल्या टेकड्यांवरचे झुडूप. तिच्या पर्णिकांची कड दातेरी असते, मधली पर्णिका मोठी असते आणि उपपर्णे नसतात. शेंगवर्गीय वनस्पतींत, उदाहरणार्थ तुरीमध्ये, उपपर्णे असतात, देठाच्या तळाशी फुगीर सांधा असतो आणि पर्णिकांची कड सहसा सरळ असते.

खाजकुइलीबाबत मात्र सावध राहावे. ती वेल असली तरी झुडपांवर पसरते आणि झुडपाचाच भाग वाटते. तिच्या बाजूच्या दोन पर्णिका ठळकपणे तिरप्या असतात, बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा बरीच रुंद असते. पावसाळ्यानंतर तिच्या शेंगांवरचे तपकिरी केस अंगाला लागले तर असह्य खाज सुटते. तीन मोठ्या पर्णिका आणि तिरपे तळ दिसले की आधी वर पाहावे, शेंगा लटकत नाहीत ना याची खात्री करावी, आणि मगच हात पुढे करावा.

पावसाळ्यात बाजारात येणारा टाकळा आणि तसाच दिसणारा कासविंदा यांत फरक काय?

पहिल्या पावसानंतर येऊरच्या पाड्यांतून आणि आसपासच्या गावांतून रानभाज्या घेऊन येणाऱ्या आदिवासी महिला ठाण्याच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या विकतात. त्यांची नजर पिढ्यांची आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र स्वतः खुडायला जाणाऱ्याने पर्णिका बारकाईने पाहिल्या पाहिजेत.

टाकळ्याच्या पानात बहुधा तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर असतात आणि शेंड्याची जोडी सर्वांत मोठी असते. खालच्या जोड्यांच्या पर्णिकांमध्ये पर्णाक्षावर खिळ्यासारखी उभी, नारिंगी छटेची बारीक ग्रंथी असते. कासविंद्याच्या पर्णिका तीन ते पाच जोड्यांच्या, तळाशी रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात, आणि त्याची ग्रंथी पर्णिकांमध्ये नसून देठाच्या अगदी तळाजवळ, बसक्या गाठीसारखी असते. त्याच्या चुरगळलेल्या पानाला उग्र दर्प येतो. घाटावर मुबलक असणारा तरवड याच गणातला आहे, पण त्याच्या आठ ते बारा जोड्यांपैकी प्रत्येक जोडीमध्ये ग्रंथी असते आणि देठाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे असतात.

म्हणजे या तिघांना वेगळे करणारी खूण पर्णिका नसून दोन पर्णिकांमधली जागा आहे. कासविंद्याच्या बिया विषारी असतात. जाणत्या व्यक्तीने समक्ष दाखवल्याशिवाय केवळ वर्णन वाचून कोणतीही रानभाजी खाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोसायटीच्या कुंपणातली कामिनी आणि कढीपत्ता सारखेच वाटतात. खूण कोणती?

दोन्ही लिंबाच्या कुळातील आहेत, दोघांच्याही पर्णिका पर्णाक्षावर आलटूनपालटून बसतात आणि दोघांतही तैलग्रंथींचे ठिपके दिसतात, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे. कामिनीला, म्हणजे कुंतीला, साधारण तीन ते नऊ चकचकीत, गर्द हिरव्या पर्णिका असतात. कढीपत्त्याला अकरापासून पंचवीसपर्यंत असतात, त्या पातळ असून त्यांचा तळ तिरपा असतो आणि पर्णाक्षाच्या तळाकडच्या पर्णिका सर्वांत लहान असतात. शेवटचा निर्णय नाकानेच द्यावा. फोडणीचा वास येणारे पान एकच आहे.

बाभूळ किंवा गुलमोहरासारख्या बारीक पानांच्या झुडपांत कशाकडे लक्ष द्यावे?

येथे पर्णिका मोजत बसणे व्यर्थ आहे. उपाक्षांच्या जोड्या मोजाव्यात आणि ग्रंथी, काटे व उपपर्णे शोधावीत. नवी मुंबईच्या रस्त्यांच्या दुभाजकांत लावलेल्या शंकासुराच्या पर्णिका त्यामानाने मोठ्या आणि मोजक्या असतात, एका उपाक्षावर सहा ते दहा जोड्या. गुलमोहराच्या रोपाच्या पर्णिका खूपच बारीक आणि दाट असतात, आणि त्याच्या देठाच्या तळाशी असलेली उपपर्णे स्वतःच पिसासारखी विभागलेली असतात. मोकळ्या जागांवर रान माजवणाऱ्या सुबाभळीला काटे नसतात, पण उपाक्षांच्या सर्वांत खालच्या जोडीजवळ एक वाटोळी ग्रंथी असते. सागरगोट्याच्या पर्णाक्षाला खालून मागे वळलेले काटे असतात आणि त्याची उपपर्णे लहान पानांएवढी मोठी असतात. अशा जाळीत हात घातला तर काटे बाहेर येताना अडकतात, म्हणून तिचे निरीक्षण कडेनेच करावे.

केवळ पर्णिकेवर करता येईल अशी एखादी सोपी चाचणी आहे का?

शरपुंखेची चाचणी प्रसिद्ध आहे. उन्हाळी या नावानेही ओळखले जाणारे हे लहान झुडूप माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला आढळते. त्याच्या पर्णिकेचे टोक चिमटीत धरून ओढले तर ती आडवी सरळ न फाटता शिरांच्या रेषेने तिरपी फाटते आणि तुटलेली कड बाणाच्या पिसाऱ्यासारखी दिसते. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे त्याचे पीस. नावातच चाचणी सांगितलेली आहे. दिसायला जवळच्या इतर वनस्पतींच्या पर्णिकाही ओढून पाहाव्यात, म्हणजे फरक हाताला कळतो.

निरीक्षणासाठी कोणती वेळ आणि कोणता ऋतू योग्य?

सकाळची वेळ उत्तम. टाकळा, चिंच आणि सुबाभूळ यांच्या पर्णिका संध्याकाळी मिटतात आणि मिटलेल्या पानाचा आकार व मांडणी दिशाभूल करतात. ऋतूंपैकी सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण पाने पूर्ण वाढलेली असतात आणि पायवाटाही वाळलेल्या असतात.

अभ्यासासाठी पाने तोडून आणावीत का?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पतीचा कोणताही भाग तोडता येत नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या क्षेत्रातही हीच दक्षता घ्यावी. तेथे भिंग, मोजपट्टी आणि वही यांवर काम भागवावे. सोसायटीच्या बागेतील पान माळ्याला विचारून घेतले तरी ते डोळ्यासह, म्हणजे फांदीच्या लहान तुकड्यासकट घ्यावे. नुसती पर्णिका वहीत दाबून ठेवली तर तिच्यावरून पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

जाणकारांना दाखवण्यासाठी छायाचित्रे कशी काढावीत?

एका झुडपाची किमान पाच छायाचित्रे असावीत: संपूर्ण झुडूप, फांदीवर पाने कशी बसली आहेत ते, फांदीला जोडलेले एक संपूर्ण पान, पर्णिकेची खालची बाजू, आणि देठाच्या तळाचे जवळून घेतलेले चित्र. पानाच्या शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. वास आणि चीक छायाचित्रात येत नाहीत, म्हणून ते शब्दांत लिहावेत. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात असलेल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील जुने नमुने पाहिले, तर तेथेही फांदी, देठाचा तळ आणि एखादे उलटे ठेवलेले पान आवर्जून जपलेले आढळते. आपल्या पाच चित्रांपैकी एकच घेणे शक्य असेल, तर ते देठाच्या तळाचे घ्यावे.